घर घेणाऱ्याचा बाजार आणि पाच गुंठ्यांची वेस



या व्यासपीठावरून आजवर इतिहासावर, महानुभाव वाङ्मयावर, शेतीवर आणि शिक्षणावर विद्वान माणसं बोलून गेली. ज्या गावच्या निंबाळकरांच्या घरातून सईबाई शिवरायांकडे गेल्या, ज्या गावात दर आषाढवारीत माउलींचा तळ पडतो, त्या फलटणमध्ये स्मृतिव्याख्यानाला उभं राहून फ्लॅट आणि प्लॉट यांवर बोलायचं, हे काहींना खटकेल. पण मी दिवाणी वकील आहे. माझ्या टेबलावर जी दुःखं येतात त्यांतली निम्मी जागेची असतात, आणि त्यांतली बरीचशी एका सहीने टळली असती अशी असतात. मुलीचं लग्न ठरवताना आपण चार जाणती माणसं सोबत नेतो. घराचा विसार द्यायला मात्र एकटेच जातो, तोही मुहूर्त टळू नये म्हणून घाईने.

सध्या एक वाक्य कानावर येतं, एजंटांच्या तोंडून आणि काही वेळा खुद्द बिल्डरांच्याही: ‘आता गिऱ्हाइकाचे दिवस आलेत.’ पाडव्याला मुद्रांक शुल्क आमच्याकडून, दसऱ्याला मॉड्युलर किचन मोफत, दिवाळीला हप्ते ताब्यानंतर, असे फलक लागतात. दर खाली येतील की वर जातील याचं भाकीत सांगायला मी आलेलो नाही. तो धंदा ज्यांचा आहे त्यांनाही ते जमत नाही. मला वेगळा हिशेब मांडायचा आहे. दर पाच टक्के उतरला म्हणून बाजार घेणाऱ्याचा होत नाही. घेणाऱ्याला व्यवहाराआधी खरी माहिती मिळते का, आणि समोरच्याने शब्द फिरवला तर दिलेले पैसे परत येतात का, यावरून मी बाजार कुणाचा ते ठरवतो. या मापाने पाहिलं तर महाराष्ट्रात गेल्या दहा वर्षांत मोठा बदल झाला. मात्र तो बदल फलटणसारख्या गावात पुरता पोचलेला नाही. तो कुठे अडला आहे, हे मी आज दाखवणार आहे.

थोडं मागे जाऊ. आपल्या पेठांतल्या जुन्या वाड्यांत मालक आणि भाडेकरू एकाच चौकात राहत. १९४७ च्या भाडेनियंत्रण कायद्याने भाडी गोठवली. भाडेकरूला संरक्षण मिळालं हे बरं झालं, पण भाड्यासाठी नवं घर बांधण्यात मालकाला रस उरला नाही. ज्याला घर हवं त्याने ते विकत घ्यावं, हा रिवाज त्यातून मुंबईत रुजला. इमारत उभी राहायच्या आधी पैसे घेण्याची पद्धतही तिथलीच. तिच्यातले गैरप्रकार इतके वाढले की सरकारला १९६३ साली मालकी हक्काच्या सदनिकांचा कायदा करावा लागला. सगळे त्याला ‘मोफा’ म्हणतात. साठेखत नोंदवल्याशिवाय किमतीच्या वीस टक्क्यांहून जास्त घ्यायचे नाहीत, जमिनीची कागदपत्रं दाखवायची, सोसायटी करून द्यायची आणि जमीन तिच्या नावावर करायची, हे सगळं त्यात लिहिलेलं होतं. शिक्षेची तरतूदही होती. फक्त दाद मागायला जायचं कुठे, त्याचं ठिकाण नव्हतं. दिवाणी कोर्टात गेलं तर निकाल नातवाच्या हाती पडायचा. त्यामुळे पन्नास वर्षं बाजार विकणाऱ्याचाच राहिला. जमीन सोसायटीच्या नावावर न करणं तर इतकं सर्रास झालं की २००८ साली मानीव अभिहस्तांतरणाची दुरुस्ती करावी लागली. म्हणजे बिल्डर सही करत नसेल तर त्याच्या सहीवाचून जमीन सोसायटीला मिळण्याची सोय.

मधल्या काळात एक चांगली गोष्ट घडली, आणि तिचं मूळ आपल्याच भागातलं आहे. १९७४ साली पुण्यात बिंदुमाधव जोशींनी ग्राहक पंचायत सुरू केली. साबण, तेल, डाळ यांच्यापासून सुरुवात झाली. १९८६ साली देशाला ग्राहक संरक्षण कायदा मिळाला. घर बांधून देणं ही ‘सेवा’ आहे आणि ती नीट दिली नाही तर ग्राहक न्यायालयात जाता येतं, हे सर्वोच्च न्यायालयाने नोव्हेंबर १९९३ मध्ये लखनौ विकास प्राधिकरणाच्या खटल्यात सांगितलं. तोवर घर घेणारा कायद्याच्या नजरेत ग्राहकसुद्धा नव्हता म्हटलं तरी चालेल.

खरा कल फिरला तो २०१६-१७ मध्ये. नोव्हेंबर २०१६ मध्ये नोटबंदी झाली आणि ‘एक नंबर, दोन नंबर’ची भाषा काही महिने तरी अडखळली. १ मे २०१७ पासून रेरा, म्हणजे घरबांधणी व्यवसायाच्या नियमनाचा कायदा, पूर्ण लागू झाला आणि त्याखालचं राज्याचं प्राधिकरण असलेल्या महारेराचं काम सुरू झालं. दोनच महिन्यांनी जीएसटी आला. वाळू, सिमेंट आणि राजकीय ओळखी एवढ्याच भांडवलावर उभे असलेले कित्येक बिल्डर त्या दोन वर्षांत गळाले. उरले त्यांना हिशेब ठेवायला शिकावं लागलं.

रेराने काय दिलं? यादी देत नाही, जी गोष्ट मला सर्वांत मोलाची वाटते तीच आधी सांगतो. घेणाऱ्यांकडून जमा झालेल्या रकमेपैकी ७० टक्के रक्कम त्याच प्रकल्पाच्या स्वतंत्र खात्यात ठेवायची, ती त्या जमिनीवर आणि बांधकामावरच खर्च करायची, आणि काढताना आर्किटेक्ट, इंजिनियर व सनदी लेखापाल यांचे दाखले जोडायचे. पूर्वी एका इमारतीचे पैसे दुसऱ्या जमिनीच्या विसारात जात. तिचे तिसरीत. साखळी कुठे तुटली की मधल्या सगळ्या इमारती सळया वर काढून उभ्या राहत. अशा सळया आपण सर्वांनी पाहिल्या आहेत.

दुसरी गोष्ट व्याजाची. जुन्या साठेखतांत हप्ता चुकला तर घेणाऱ्याला १८, काही ठिकाणी २४ टक्के व्याज लिहिलेलं असे. ताबा लांबला तर बिल्डरने काय द्यायचं, तिथे चौरस फुटाला महिना पाच रुपये असं काहीतरी. रेराने दोघांना एकच दर लावला. आपल्या राज्याच्या नियमांप्रमाणे स्टेट बँकेचा सर्वोच्च एमसीएलआर, म्हणजे कर्जाचा आधारदर, अधिक दोन टक्के. ठरल्या तारखेला ताबा नसेल तर पैसे व्याजासह परत मागायचे, किंवा घर हवंच असेल तर ताबा मिळेपर्यंत दर महिन्याचं व्याज मागायचं. निवड घेणाऱ्याची. परताव्याचा हा हक्क बिनशर्त आहे, कोर्टाच्या स्थगितीचं किंवा दैवी संकटाचं कारण पुढे करून तो नाकारता येणार नाही, असं सर्वोच्च न्यायालयाने ११ नोव्हेंबर २०२१ च्या निकालात म्हटलं. साठेखत नोंदवण्याआधी घ्यायची रक्कमही मोफाच्या वीसवरून दहा टक्क्यांवर आली. ताबा दिल्यानंतर पाच वर्षांत बांधकामातला दोष निघाला तर तीस दिवसांत फुकट दुरुस्ती, हेही त्यातलंच.

आणि कार्पेट. ‘सुपर बिल्टअप’ या प्रकाराने आपल्या लोकांना जेवढं लुटलं तेवढं सावकाराने लुटलं नसेल. ६५० फुटांचा म्हणून विकलेला फ्लॅट, त्यावर ३५ टक्के लोडिंग, म्हणजे पायाखाली ४८१ फूट. उरलेले फूट जिन्यात, लिफ्टच्या खड्ड्यात आणि गच्चीवरच्या टाकीत. आता विक्री कार्पेटवरच करायची असा कायदा आहे. १ ऑगस्ट २०२३ पासून जाहिरातीवर महारेराचा क्यूआर कोड छापावा लागतो. मोबाइल धरला की प्रकल्पाचा मंजूर नकाशा, मालकीचे कागद, चालू दावे, किती फ्लॅट विकले आणि ताब्याची तारीख, सगळं समोर येतं. महाराष्ट्रात पन्नास हजारांहून जास्त प्रकल्प नोंदलेले आहेत, देशात सर्वांत जास्त.

वसुलीचं दुखणं मात्र लपवत नाही. महारेराचा आदेश हातात आला म्हणजे पैसे आले असं नाही. रक्कम जमीन महसुलाची थकबाकी म्हणून जिल्हाधिकाऱ्यांमार्फत वसूल करायची असते. तहसीलदारांच्या टेबलावर आधीच अतिवृष्टीचे पंचनामे, निवडणुका आणि रस्त्यांचं भूसंपादन असतं. तिथे वॉरंटची फाइल तळाशी जाते. तरीही बिल्डरच्या मनात आज एक धाक आहे, जो २०१५ साली नव्हता.

आता कर्ज. हप्ते उतरले म्हणून घेणाऱ्याचे दिवस आले, असं वर्तमानपत्रांत वाचायला मिळतं. रेपो दर फेब्रुवारी २०२३ पासून ६.५ टक्के होता, तो २०२५ मध्ये टप्प्याटप्प्याने ५.२५ वर आला. २० लाखांचं कर्ज वीस वर्षांसाठी ८.७५ टक्क्यांनी घेतलं तर महिना १७,६७४ रुपये, ७.५ टक्क्यांनी १६,११२. दरमहा दीड हजार वाचले. पण याच गणिताची दुसरी बाजू विकणाऱ्यालाही पाठ असते. त्याच १७,६७४ च्या हप्त्यात आता जवळजवळ २२ लाखांचं कर्ज बसतं. म्हणजे घराची किंमत दोन लाखांनी वाढवायला त्याला जागा झाली. स्वस्त कर्जाचा फायदा शेवटी कुणाच्या खिशात जातो, ते घासाघीस कुणाला जमते यावर ठरतं. मुद्रांक शुल्कात २०२० च्या सप्टेंबरपासून दिलेली सवलतही अशीच वाटली गेली. पंतप्रधान आवास योजनेच्या दुसऱ्या टप्प्यातलं व्याज अनुदान मात्र थेट कर्जखात्यात येतं. वार्षिक उत्पन्न ९ लाखांपर्यंत, घर ३५ लाखांपर्यंत, कर्ज २५ लाखांपर्यंत आणि देशात कुठेही पक्कं घर नसेल, तर जास्तीत जास्त १ लाख ८० हजार. आपल्या गावातल्या बऱ्याच कुटुंबांना ते लागू होईल, चौकशी करावी.

दर पडणं म्हणजे गिऱ्हाइकाचं राज्य, हा समज किती फसवा आहे ते चीनने दाखवून दिलं. २०२१ साली एव्हरग्रँड ही अवाढव्य कंपनी कर्जं फेडू शकली नाही. पुढच्या वर्षी कित्येक शहरांतल्या कुटुंबांनी अर्धवट इमारतींवरच्या कर्जाचे हप्ते भरायलाच नकार दिला. दर खाली आले, आणि तरी माणसं घर घ्यायला धजेनात, कारण दिलेला पैसा विटेत जाईल याची खात्री उरली नव्हती. अशा बाजारात घेणारा आणि विकणारा दोघेही बुडतात.

आता आपल्या गावाकडे येतो.

फलटणला घराची मागणी कुठून येते? एके काळी ती नीरा उजव्या कालव्याच्या पाण्यातून, उसाच्या बिलातून आणि साखरवाडीच्या कारखान्यातून येत होती. मग सुरवडी-नांदलकडे कमिन्सचा मोठा प्रकल्प आला आणि पगारदार तरुण भाड्याने खोल्या शोधू लागले. २०२१ च्या मार्चअखेरीस पुणे-फलटण डेमू गाडी सुरू झाली. लोणंदहून येणाऱ्या त्या रुळांची वाट आपल्या आजोबांनीही पाहिली होती. पालखी महामार्गाचं काम निघालं, भूसंपादनाचा पैसा आला, आणि त्यातला बराचसा परत जमिनीतच गेला. माण-खटावकडची माणसं, मुंबईत माथाडीत किंवा गोदीत आयुष्य काढून परतलेली, मुलांच्या शाळेसाठी इथे स्थायिक झाली. ही सगळी मागणी खरी आहे, राहणाऱ्या माणसांची आहे. तिच्या जोडीला दुसरी एक मागणी आहे, राहायचं नसताना ‘घालून ठेवण्याची’. रेल्वे येणार म्हटलं की स्टेशनच्या बाजूला प्लॉट, रस्ता रुंद होणार म्हटलं की रस्त्याकडेला प्लॉट. हा दुसरा गट बाजारातून बाजूला झाला की दर थबकतात आणि लोक म्हणतात मंदी आली. राहायला घर हवं असलेल्या माणसाच्या दृष्टीने ती मंदी नव्हे, त्याला बोलायला मिळालेली संधी आहे.

पण तो बोलायला बसतो कुठे? इथे माझा मुख्य मुद्दा येतो.

रेरा कायद्याचं तिसरं कलम सांगतं की जागा ५०० चौरस मीटरपेक्षा जास्त नसेल, किंवा सदनिका आठपेक्षा जास्त नसतील, तर प्रकल्पाची नोंदणी करण्याची सक्ती नाही. दिल्लीत बसून कायदा लिहिणाऱ्यांना ही सूट किरकोळ वाटली असेल. हडपसरला किंवा ठाण्याला ती किरकोळच आहे. एक गुंठा म्हणजे १०१.१७ चौरस मीटर. पाच गुंठे म्हणजे ५०५.८५. आता लक्ष्मीनगर, मलठण, कोळकी, जाधववाडी अशी एक फेरी मारा आणि नव्या इमारती मोजा. तीन गुंठ्यांवर तळमजला सोडून तीन मजले, दर मजल्यावर दोन. पाच गुंठ्यांवर चार मजले, दर मजल्यावर दोन, म्हणजे बरोब्बर आठ. नववा फ्लॅट बांधायची ऐपत नाही म्हणून कुणी आठवर थांबत नाही. आठवर थांबलं की महारेराच्या वेबसाइटवर यावं लागत नाही, ७० टक्क्यांचं खातं उघडावं लागत नाही, क्यूआर कोड छापावा लागत नाही. बांधणारा हे बेकायदा करत नाही, त्याला दोष देता येत नाही. पण मुंबई-पुण्याच्या घर घेणाऱ्याला जो बाजार मिळाला, तो फलटणच्या घेणाऱ्याला पाच गुंठ्यांच्या वेशीवर अडला.

अशा इमारतीत पुढे काय होतं ते एका अशिलाच्या उदाहरणावरून सांगतो, नावगाव सांगत नाही. प्राथमिक शिक्षक, निवृत्त. भविष्यनिर्वाह निधीतून फ्लॅट घेतला. इमारत आठ घरांची. साठेखत झालं, खरेदीखत झालं, नगरपरिषदेची घरपट्टी लागली, वीज मीटर आलं. आणखी काय हवं? सहा वर्षांनी मुलाकडे जायचं म्हणून विकायला काढला. घेणाऱ्याच्या बँकेने भोगवटा प्रमाणपत्र मागितलं. ते नव्हतंच. मंजूर नकाशात तीन मजले, उभे चार. गुरुजींचा फ्लॅट चौथ्यावर. घरपट्टीची पावती म्हणजे बांधकाम कायदेशीर असल्याचा पुरावा, असा आपल्याकडे एक पक्का गैरसमज आहे. तो पुरावा नाही. कर आकारणी ही कर वसूल करण्यापुरती असते. हद्दीबाहेर ग्रामपंचायतीच्या नमुना आठच्या उताऱ्याचंही तेच. सोसायटीही झालेली नव्हती, कारण आठ जणांना कुणी सांगितलंच नव्हतं. शेवटी त्यांनी तो फ्लॅट रोखीने घेणाऱ्या एका माणसाला बाजारभावाच्या पुष्कळ खाली दिला. कर्ज न मिळणारं घर ही अशी वस्तू असते, तिचं गिऱ्हाईक तिची किंमत स्वतः ठरवतं.

आठ घरांच्या इमारतीत घेणारा अगदीच निराधार असतो असं मात्र नाही. रेराची नोंदणी नसली तरी मोफा आहे. नोंदलेलं साठेखत मागण्याचा हक्क आहे, मानीव अभिहस्तांतरण आहे, आणि साताऱ्याचा जिल्हा ग्राहक आयोग आहे. त्याबद्दल एक गोष्ट फलटणकरांनी जरूर लक्षात ठेवावी, कारण आपल्यातल्या अनेकांनी मुलांसाठी मांजरीला, वाघोलीला, आंबेगावला फ्लॅट घेतलेले आहेत. २०१९ च्या नव्या ग्राहक कायद्याप्रमाणे तक्रारदार जिथे राहतो तिथल्या जिल्हा आयोगाकडे तक्रार करता येते. पुण्याच्या बिल्डरला साताऱ्यात यावं लागतं. दिलेली रक्कम ५० लाखांपर्यंत असेल तर जिल्हा आयोगच चालतो आणि तक्रारीची फी हजार रुपयांच्या वर नाही. महारेराची फी पाच हजार आहे. पुण्याच्या कार्यालयांत खेटे घालून दमलेल्या माणसांना हे सांगितलं की त्यांचा विश्वास बसत नाही.

फ्लॅटचं हे झालं. आपला खरा बाजार प्लॉटचा, आणि त्यातही गुंठ्याचा. इथे घेणाऱ्याचे दिवस अजून उजाडलेलेच नाहीत, असं माझं स्पष्ट मत आहे.

शेतजमिनीचे बारीक तुकडे पाडू नयेत म्हणून १९४७ चा तुकडेबंदी कायदा आहे. हेतू शेतीच्या भल्याचा. पण गावाची हद्द शेतात शिरली आणि माणसांना एक-दोन गुंठेच परवडू लागले. मग वाटा निघाल्या. दहा-अकरा जणांनी मिळून एकत्र क्षेत्र घ्यायचं, सातबाऱ्यावर सगळ्यांची नावं समाईक, जमिनीवर मात्र चुना टाकून आपापला तुकडा. किंवा नुसतं नोटरी केलेलं कबुलीपत्र आणि कुलमुखत्यारपत्र. विकणारा पैसे घेऊन मोकळा. घेणाऱ्याला ना स्वतंत्र सातबारा, ना बांधकाम परवाना, ना बँकेचं कर्ज. समाईकातला एक जण वारला की त्याचे पाच वारस, त्यांतला एक दावा लावतो, आणि अकराही जणांचं घर अडकतं. जुलै २०२१ मध्ये नोंदणी विभागाने परिपत्रक काढून असे दस्त नोंदवणं थांबवलं, मे २०२२ मध्ये उच्च न्यायालयाच्या औरंगाबाद खंडपीठाने ते रद्द ठरवलं. २०२३ साली बागायतीची मर्यादा दहा गुंठे आणि जिरायतीची वीस गुंठे झाली.

आणि नियमित करण्याचा इतिहास पाहा. असे व्यवहार नियमित करून घ्यायला २०१७ साली बाजारमूल्याच्या २५ टक्के रक्कम मागितली. कुणी फारसं फिरकलं नाही. ऑक्टोबर २०२४ मध्ये ती ५ टक्क्यांवर आणली. २०२५ अखेरीस सरकारने ठरवलं की १५ नोव्हेंबर १९६५ ते १५ ऑक्टोबर २०२४ या काळातले नागरी व विकास आराखड्यांतल्या निवासी क्षेत्रांमधले तुकडे विनाशुल्क नियमित होतील. ज्यांचे तुकडे त्यात बसतात त्यांच्यासाठी मला खरोखर आनंद आहे, त्यांनी आपापले फेरफार करून घ्यावेत. पण दोन गोष्टी नजरेआड करू नयेत. तुकडा नियमित झाला म्हणजे त्यावरचं घर नियमित झालं असं नाही, बांधकामाची परवानगी ही वेगळी गोष्ट आहे. आणि ज्याने कायदा माहीत असून तुकडे विकले, त्याला या साठ वर्षांत काहीच भरावं लागलं नाही. ‘घेऊन टाका, पुढे होतंय सगळं नियमित,’ असं एजंट सांगतो ते खोटं नसतं. पण ते ‘पुढे’ येईपर्यंतची सगळी जोखीम घेणाऱ्याने झोपेसकट मोजलेली असते.

शेजारच्या सांगलीकडून एक गोष्ट शिकण्यासारखी आहे. ऑगस्ट २०१९ मध्ये कृष्णेचं पाणी आयर्विन पुलापाशी ५७ फुटांच्या वर गेलं, २००५ च्या पुरालाही मागे टाकून. २०२१ च्या जुलैत पुन्हा पूर आला. तेव्हापासून सांगलीत घर बघायला गेलेला माणूस दराच्या आधी विचारतो, ‘एकोणीसला पाणी कुठवर होतं?’ शेजारच्या दुकानदाराला विचारतो, भिंतीवरची खूण पाहतो. जाहिरातीतला ‘रिव्हर व्ह्यू’ तिथे आता कुणाला भुलवत नाही. पुराने त्या शहरातल्या प्रत्येक घेणाऱ्याला एक प्रश्न शिकवला, आणि त्या एका प्रश्नाने किमतींचा नकाशा बदलला. आपल्याकडे तसा पूर आलेला नाही, येऊही नये. प्रश्न विचारायची सवय मात्र संकटाशिवायही लावून घेता येते.

तुमचा प्रश्न भोगवटा प्रमाणपत्राचा असावा. नगरपरिषद हद्दीत असो वा बाहेर, ‘मंजूर नकाशा आणि भोगवटा प्रमाणपत्र दाखवा’ एवढंच म्हणावं. ते दिलं की उरलेलं सोपं होतं. भोगवटा मिळालेल्या घराच्या पहिल्या विक्रीवर जीएसटीही लागत नाही, बांधकाम चालू असताना परवडणाऱ्या घराला १ टक्का आणि इतरांना ५ टक्के लागतो. प्लॉट असेल तर बिनशेती आदेश आणि मंजूर लेआउट, त्यात आपला प्लॉट नंबर. लेआउट ५०० चौरस मीटरच्या वर असेल तर प्लॉटिंगलाही महारेराची नोंदणी लागते, हे बऱ्याच जणांना ठाऊकच नसतं. मालकीचा तीस वर्षांचा शोध वकिलाकडून करून घ्यावा. (हे मी माझ्या धंद्यासाठी सांगतो असं कुणी म्हणेल. म्हणू दे.)

आणि दराची घासाघीस करायला जायच्या आधी घरी बसून एक काम करा. नोंदणी व मुद्रांक विभागाच्या वेबसाइटवर ई-सर्च आहे. गाव, वर्ष आणि मिळकत क्रमांक टाकला की सूची क्रमांक दोन दिसते. त्याच इमारतीतला खालचा फ्लॅट गेल्या वर्षी कितीला नोंदला, ते त्यात लिहिलेलं असतं. त्यातले काही आकडे ‘दोन नंबर’ वगळून लिहिलेले असतील, तरी चार नोंदी पाहिल्या की अंदाज येतो. ही माहिती पूर्वी फक्त एजंटकडे होती आणि तिच्यावर त्याचं दोन टक्क्यांचं पोट चालत होतं. आज ती तुमच्या मुलाच्या मोबाइलवर आहे. रोखीच्या मागणीला तर साफ नाही म्हणा. २०१५ पासून स्थावराच्या व्यवहारात वीस हजार आणि त्यावरची रक्कम रोख घेणं आयकर कायद्याने मना आहे, आणि रोख दिलेला रुपया रेरातही परत मागता येत नाही, ग्राहक आयोगातही नाही. तो दिला होता हेच सिद्ध होत नाही.

एकेकट्याने प्रश्न विचारल्याने ती पाच गुंठ्यांची वेस उघडणार नाही. त्यासाठी कायद्यातच किल्ली आहे, आणि ती दिल्लीत नाही, मुंबईत आहे. ज्या तिसऱ्या कलमाने आठ घरांना सूट दिली, त्याच कलमाच्या परंतुकात म्हटलं आहे की राज्य सरकारला आवश्यक वाटल्यास ५०० चौरस मीटर आणि आठ सदनिकांची ही मर्यादा आणखी खाली आणता येईल. संसदेत जायला नको, दुरुस्ती नको, एक अधिसूचना पुरे. मोठ्या महानगरांना तिची निकड नाही. फलटण, कराड, विटा, ईश्वरपूर (पूर्वीचं इस्लामपूर), तासगाव अशा गावांना आहे, कारण आपल्या इमारतीच मुळी तेवढ्या असतात. नगरपरिषद क्षेत्रांत आणि त्यांच्या लगतच्या गावांत ही मर्यादा चार सदनिकांवर आणावी आणि छोट्या बांधकामांसाठी नोंदणीची फी व कागद कमी ठेवावेत, अशी माझी मागणी आहे. चांगलं काम करणाऱ्या स्थानिक बांधकाम व्यावसायिकांचाही त्यात तोटा नाही, उलट ज्याच्याकडे नोंदणी क्रमांक आहे त्याच्याकडे लोक आधी जातील.

सभागृहात आजी-माजी नगरसेवक बसलेले दिसत आहेत, शेजारच्या गावांचे सरपंचही आहेत. त्यांच्याकडे दोन गोष्टी मागतो. गेल्या दहा वर्षांत दिलेल्या बांधकाम परवान्यांची आणि भोगवटा प्रमाणपत्रांची यादी, इमारतीच्या नावासह, नगरपरिषदेच्या फलकावर आणि वेबसाइटवर लावावी. आणि रेराची मर्यादा खाली आणण्याचा ठराव पुढच्या सर्वसाधारण सभेत करून तो गृहनिर्माण विभागाकडे मंत्रालयात पाठवावा. ठरावाचा मसुदा मी लिहून आणला आहे, सभा संपल्यावर संयोजकांकडे देतो.